प्रतिक्रियेला उत्तर : समांतर जोडणीत धारा नुसती वाटली जाते का?

महोदय,

‘समांतर जोडणीत आणखी एक रोध जोडला की घटमालेतून निघणारी एकूण धारा वाढते’ हे माझ्या लेखातील वाक्य आपण चूक ठरवले आहे. (धारा म्हणजे विद्युतप्रवाह, रोध म्हणजे त्याला अडवणारा घटक, घटमाला म्हणजे बॅटरी आणि समांतर जोडणी म्हणजे सगळे रोध त्याच दोन टोकांमध्ये जोडणे.) घटमाला ठरावीकच धारा देते आणि ती फक्त वाटली जाते, असे आपले म्हणणे आहे. त्यावर ‘लेखकाने आधी शाळेचे पुस्तक उघडावे’ असा सल्लाही आपण दिला आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. पण चूक दाखवताना समोरच्याने पुस्तकाला हातच लावला नसेल असे गृहीत धरण्याचे काही कारण नव्हते. २२ वर्षे मी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून हीच जोडणी करून घेतली आहे आणि आपला हा समज कितीतरी वह्यांमध्ये लाल शाईने खोडला आहे.

माझ्या लेखातील दुसऱ्या आकृतीत ३ ओहमच्या जागी ३० ओहम छापले गेले, ही चूक माझीच. ती दुरुस्त केली आहे. त्यामुळे मूळ वाक्य मात्र खोटे ठरत नाही.

६ व्होल्टच्या घटमालेला ६ ओहमचा रोध जोडला, तर अ‍ॅमीटरचा काटा १ अँपिअरवर येतो; हे उपकरण धारा मोजते. आता त्याच दोन टोकांना ३ ओहमचा दुसरा रोध जोडा. घटमालेजवळच्या अ‍ॅमीटरचा काटा ३ वर जातो आणि ६ ओहमच्या शाखेतला अ‍ॅमीटर मात्र १ वरच राहतो. धारा नुसती वाटली गेली असती, तर हा दुसरा काटा खाली यायला हवा होता. तो येत नाही, कारण दोन्ही रोधांच्या टोकांमधील विभवांतर, म्हणजे धारा ढकलणारा विद्युत दाब, ६ व्होल्टच आहे आणि नव्या शाखेतून वाहणारे २ अँपिअर घटमालेतून जादा निघतात. परिणामी रोध (दोन्ही रोधांचा मिळून होणारा रोध) २ ओहम, म्हणजे दोहोंतील लहान रोधापेक्षाही कमी भरतो तो याचमुळे.

घटमाला ठरवून देते ते विभवांतर. धारा किती निघेल हे तिला काय जोडले आहे त्यावर ठरते. हेच दोन रोध एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडले तर परिणामी रोध ९ ओहम होतो आणि धारा जेमतेम ०.६७ अँपिअर उरते. घटमाला तीच असताना धारा इतकी बदलते, मग ती ‘ठरावीक’ कशी? समांतर जोडणीत ३ ओहमचा रोध १२ वॅट उष्णता देतो. एका विद्यार्थ्याने तो उघड्या बोटांनी काढायला घेतला, तेव्हा त्याचा हात मागे ओढताना माझ्याही बोटांना चटका बसला होता.

घटमालेचा अंतर्गत रोध, तारांचा रोध आणि तापल्यावर बदलणारा रोध यांविषयी आपण लिहिलेल्या उरलेल्या परिच्छेदाला मी उत्तर देत नाही. तोंडओळखीच्या लेखात ते अपेक्षितच नव्हते. नवी घटमाला घ्या, वरची जोडणी स्वतः करा आणि दोन्ही अ‍ॅमीटरची वाचने इथेच लिहा. घटमालेजवळचा काटा १ वरून हलला नाही, तर मी ते वाक्य मागे घेईन.