पेपरात नाव छापून आणायचे घरगुती उपाय

मागच्या आठवड्यात माझं नाव पहिल्यांदा पेपरात आलं. ठळक अक्षरांत, चौकटीत, 'ताबा सूचना' या मथळ्याखाली, म्हणजे कर्ज थकलं म्हणून बँकेनं घराचा ताबा घेतल्याची जाहिरात. कर्जदार आमचे हे, जामीनदार सौ. मी. खाली घराच्या चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस चुलत दिराचं घर. नणंदेनं सकाळी सातलाच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, वर हात जोडल्याची खूण. तेव्हापासून गल्लीतल्या बायका दारावरून जाताना पाय हळू करतात. त्यांनाही हा मान मिळावा म्हणून माझे उपाय सांगून टाकते.

नवऱ्याच्या धंद्याचं काही विचारू नका. कृषी केंद्र आहे, बोर्ड आहे, सकाळी उदबत्ती लागते, झालं. जूनमध्ये अर्ध्या गावाला बियाणं, खत, फवारणीचं औषध उधारीवर जातं. 'कापूस निघाला की देतो.' कापूस निघतो, भाव निघत नाही, आणि कंपनीचा माणूस मात्र वसुलीला बरोबर निघतो. तुम्ही वहीत डोकावायचं नाही. "तुले काय समजते त्यातलं?" असं उत्तर आलं की चहा ठेवायचा.

दुसरा उपाय सहीचा. खरं तर हा एकच पुरेसा आहे. एक दिवस तुम्हाला तालुक्याला नेतील. "बरी साडी नेस, फोटो काढतेत." ज्या बँकेत पासबुक भरायला तासभर उभं राहावं लागतं, तिथं खुर्ची मिळेल. पंखा तुमच्याकडे वळवतील. साहेब चहा सांगतील, मग हातभर गठ्ठा समोर येईल, सगळा इंग्रजीत, जागोजागी पेन्सिलीच्या फुल्या. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन. भिशीच्या वहीत दहा रुपयांचा फरक पकडणारी बाई. तरी एकदाच विचारलं, "हे कशाचं आहे?" साहेब हसले. "काई नाई वैनी, फॉर्म्यालिटी आहे." हेही हसले. मग मीही हसले आणि अठरा सह्या केल्या. अठरा! हात भरून आला तर साहेब म्हणतात, वैनींचं अक्षर छान आहे.

या फॉर्म्यालिटीचा अर्थ मला आता समजला. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी नवऱ्याला विचारा, त्यानं नाही दिले तर बायकोकडे या, असंही नाही. वाटलं तर पहिले माझ्याच दारात येऊ शकतात. नुसती बायको राहिले असते तर यांच्या दुकानाच्या कर्जातला एक रुपया माझ्या अंगावर नव्हता. मंगळसूत्रानं कर्ज लागत नाही, सहीनं लागतं. आणि कर्ज होतं केवढं? सहा लाख. मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नसतं, हे त्याच बँकेत, त्याच भिंतीवर मोठ्या कागदावर लावलं होतं. माझी खुर्ची बरोबर त्याच्याकडे पाठ करून ठेवलेली. घराचे कागद गठ्ठ्यात सगळ्यात खाली.

सोनं मागितलं की काढून द्या, आणि परत कधी येईल ते विचारू नका, माणूस दुखावतो.

घर यांच्याच नावावर राहू द्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नवरा-बायको दोघांचं नाव लावा, असं सरकार २००३ पासून सांगत आलंय. सचिवाकडे अर्ज घेऊन जायला मी निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "कायले पायजे तुले? घर का पाठीवर घेऊन माहेरी जाशीन?" मी अर्ज घडी करून डब्यात ठेवला. आज घराच्या कागदावर माझं नाव नाही, घरावरच्या कर्जावर आहे.

बँकेचा हप्ता चुकू लागला की सावकार. शेकडा पाच म्हणजे पाचच ना! महिन्याला. वर्षाचे साठ होतात, पण एवढं गणित बायकांनी करू नये. तो गहाणखत मागत नाही, सरळ शेताच्या तुकड्याचं खरेदीखत करून घेतो, 'पैसे आले की पलटवून देतो.' विनापरवाना सावकारीला २०१४ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रारही होते. पण दिवाळीला फराळ येतो ना त्यांच्याकडून.

आणि रजिस्टर पत्र आलं की देवघरामागे. आमच्याकडे यांनी तिथंच खोचलं होतं. बँकेचंच होतं ते, त्यात थकलेलं कर्ज भरायला साठ दिवसांची मुदत होती. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कितीतरी घरं तिथंच बोलून, थोडे भरून, हप्ते बांधून वाचतात. आमचं पत्र साठही दिवस गणपतीच्या पाठीमागे होतं. मी रोज त्याच्यासमोर दिवा लावत होते.

अरे, भाजीत मीठ कमी पडलं तर तुम्ही घर डोक्यावर घेता, आणि घर गहाण पडलं हे सांगायला तोंड नाही? धंद्यात घाटा येतो. बोंडअळी आली, पाऊस गेला, लोकांनी उधारी बुडवली, समजते आम्हाला. आम्हीही याच गावात राहतो. आमच्या जिल्ह्यात कितीतरी बायकांना कर्जाचा आकडा तेरवीला समजला, दुसऱ्याच्या तोंडून. तो आकडा आधी घरात बोलायची एवढी कसली लाज? आणि साहेब, ज्या बाईला तुम्ही वैनी म्हणून चहा पाजला, तिला दोन वाक्यं मराठीत सांगितली असती तर बँक बुडाली असती का? बाईंनो, तुम्ही हसू नका. मी हसले होते.

ताबा सूचनेनंतर नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायला पंचेचाळीस दिवस असतात. आज नववा आहे. काल मी देवघरामागचं पाकीट काढलं, अगरबत्तीची राख झटकली, बँकेतून सगळ्या कागदांच्या नकला मागितल्या. पहाटे साडेपाचची एसटी आहे. हे म्हणाले, मीही येतो. या म्हटलं. कागदांची पिशवी माझ्या मांडीवर राहील.