पडद्यावरचे ११.८

माझ्याकडे आणि मेहुण्याकडे एकाच मॉडेलचा छोटा ट्रक आहे. माझा डॅशबोर्ड अ‍ॅव्हरेज ११.८ दाखवतो, त्याचा १३.४. मला हे माहीत असतं, कारण दर आठ-पंधरा दिवसांनी तो डॅशबोर्डचा फोटो पाठवतो. खाली एक अक्षर लिहीत नाही. तेच जास्त झोंबतं.

तसा ११.८ वर माझा पूर्ण विश्वास होता. नुसतं ‘बारा’ दाखवलं असतं तर शंका आली असती; बारा कुणीही ठोकून देतो. ११.८ म्हटलं की आत कुणीतरी चष्मा लावून मोजत बसलंय असं वाटतं.

पण फोटो येत राहिले आणि मी वही केली. टाकी फुल्ल, ट्रिप मीटर शून्यावर, मनसोक्त चालवायचं, पुन्हा फुल्ल, मग भागाकार. ५२३ किलोमीटर, ४८ लिटर. उत्तर १०.९. मी तीनदा भागून पाहिलं. म्हणजे इतके दिवस गाडी माझ्या तोंडावर थापा मारत होती, आणि त्याही दशांशात.

मग चौकशी केली. कळलं ते असं, की आत चष्मा लावून कुणीही बसलेलं नाही. डिझेल प्रत्यक्ष मोजणारं मीटरच तिथे नसतं. इंजिनाचा कॉम्प्युटर फक्त एवढंच बघतो, की डिझेल फवारणारा प्रत्येक इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला आणि मागे दाब किती होता. त्यावरून ‘एवढं गेलं असेल’ असा हिशेब धरतो. इंजेक्टर झिजला, जरा जास्त सोडायला लागला, तरी त्याचा हिशेब नव्या इंजेक्टरचाच. घरखर्च विचारल्यावर मीही असाच सांगतो, त्यामुळे त्याला फार बोललो नाही.

वही मात्र पक्की, असं मी धरून चाललो होतो. ते पंपावर सुटलं. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. धार चालू असताना त्यातून हवा ओढली जाते. डिझेल वर चढून ते भोक बुडालं की हवा बंद होते, आतला पडदा खेचला जातो आणि ‘टक्’ करून धार तुटते. पण डिझेलला फेस येतो, आणि भोक बुडवायला फेससुद्धा पुरतो.

“फुल्ल झाली, काका.”

“नाही झाली. फेस आहे. थांबूया.”

आम्ही दोघं टाकीच्या तोंडात डोकावून फेस बसायची वाट बघत राहिलो. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्यानेही. फेस बसल्यावर आणखी दोन लिटर गेलं. पोराने माझ्याकडे आदराने पाहिलं असं मला वाटलं. तो आदर नसावा. दोन लिटर इकडेतिकडे म्हणजे माझं १०.९ कधी १०.५, तर कधी ११.४. गाडी दर वेळी जरा फुगवून सांगते, पण एकच सांगते. माझी वही रोज नवीन.

यावर उपाय आहे. एका टाकीवर निकाल द्यायचा नाही, पाच टाक्यांची बेरीज करायची. मधले फेस आपापसात मिटतात, चूक उरते ती पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची. २६०० किलोमीटर, २३९ लिटर, पुन्हा १०.९. आता मी छाती काढून चालू लागलो.

मधे एकदा घाट चढताना ८ आणि उतरताना १६ मिळाले, म्हणून वहीत सरासरी १२ लिहिली होती. मुलीने ती पाहिली. “बाबा, शंभर किलोमीटर जायला साडेबारा लिटर, यायला सव्वासहा. दोनशे भागिले पावणेएकोणीस करा ना.” केले. १०.७ आले. ते पान मी फाडलं.

आणि मग टायर आठवले. मागच्या वर्षी मी जरा मोठे टायर घातले होते, गाडी रुबाबदार दिसते म्हणून. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो, पण ओडोमीटर फेरे जुन्याच मापाने मोजतो. रस्त्याकडेच्या दगडांवरून ताडून पाहिलं: दगडांचे १०० झाले तेव्हा मीटरवर ९७. म्हणजे ज्या डॅशबोर्डला मी खोटं पाडायला निघालो होतो, त्याचेच किलोमीटर माझ्या वहीत उतरत होते. ५२३ चे ५३९ झाले, १०.९ चे ११.२. मला आनंद झाला. पण त्याच न्यायाने पडद्याचे ११.८ सुद्धा १२.२ व्हायला हवेत, तेव्हा भांडण होतं तेवढंच राहिलं, फक्त एक मजला वर गेलं.

एवढ्या अभ्यासानंतरही १३.४ चा उलगडा होईना. त्या दिवशी घाटमाथ्यावर गाडी उभी होती, समोर सगळा उतार. उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर बंदच होतात. चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल शून्य. तात्कालिक आकडा ९९.९ वर जाऊन बसतो. मी इकडेतिकडे पाहिलं, अ‍ॅव्हरेजचं बटण दाबून धरलं, ते शून्य केलं आणि निघालो. ब्रेकही बेताने लावले. पायथ्याला आलो तेव्हा पडद्यावर ३८.६ होते. फोटो काढला, मेहुण्याला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

“दाजी, रिसेट माथ्यावर केलंत का? वळणाच्या पुढे करा, सुरुवातीचा चढ वाचतो.”