कुत्र्याचा इशारा हा पुरावा नव्हे

‘कुत्रा जिथे बसला तिथे पेट्रोल ओतलं होतं हे सिद्धच होतं’ हे आगीच्या तपासात पेट्रोल हुंगून, तिथे बसून इशारा देणाऱ्या कुत्र्यांवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. जळलेल्या गालिच्यातून, फोममधूनही पेट्रोलमध्ये असतात तसली टोल्युइनसारखी रसायनं निघतात. प्रयोगशाळेत अशा नमुन्यातल्या रसायनांचा पहिला आलेख पाहिला तेव्हा मीही क्षणभर पेट्रोलच समजले होते! कुत्र्याचं नाक अफाट तीक्ष्ण आहे, पण ते नमुना कुठून उचलायचा एवढंच सांगतं. निकाल द्यायचा तो गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे नमुन्यातली रसायनं वेगवेगळी करणाऱ्या चाचणीने.

अमेरिकेत जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका जाळपोळीच्या खटल्यातली शिक्षा रद्द केली, कारण कुत्र्याच्या इशाऱ्यांना प्रयोगशाळेचा दुजोराच नव्हता. माणूस तुरुंगात जातो हो अशा एका वाक्यावर. लेखात हे यायलाच हवं होतं.