‘इंजिन कोण बघतं?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या नात्यागोत्यातच तो मला चौघांनी पाठवला. म्हणणं असं: इंजिन झिजलं की सरळ दुसरं बसवा, किंमत उलट वाढते, पट्ट्या-बिल्ले हा नुसता देखावा, आणि ओरिजिनल असो-नसो, पन्नास वर्षं झाली की गाडी म्हणजे सोनं. तिन्ही गोष्टी चूक आहेत. पहिलीने तर माणसं बुडतात, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

डुरुस्ती वेगळी, बदली वेगळी. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, तोच ठेवून बोअर केला (झिजलेले सिलिंडर कातून रुंद केले), त्यात ओव्हरसाइज, म्हणजे जरा मोठे पिस्टन घातले, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) घासून घेतला, तरी इंजिन मूळचंच राहतं. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळतो. दुसरं इंजिन आलं की तो दुवा तुटला. माझ्या काकांकडे 1968 ची फियाट आहे. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी 1089 सीसीचं मूळ इंजिन उतरवून डिझेल बसवलं; तेव्हा कितीतरी जण तसंच करत होते. गेल्या वर्षी गिऱ्हाईक आलं. रंग बघून खूश झालं. मग बोनेट उघडून बॅटरीच्या उजेडात नंबर वाचला, नवं इंजिन बसवायला केलेल्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि बोनेट हळूच खाली ठेवलं. सांगितलेला आकडा काकांच्या अपेक्षेच्या निम्माही नव्हता. मूळ इंजिन तर केव्हाच किलोच्या भावाने भंगारात गेलेलं. आता ते कुठून आणायचं?

अमेरिकेत हाच फरक कोटींचा होतो. 1971 ची प्लिमथ कंपनीची कुडा ही गाडी घ्या. उघड्या टपाच्या या गाडीत 426 हेमी हे ताकदवान इंजिन कारखान्यातूनच बसवलेल्या जेमतेम 11 निघाल्या, आणि त्यांतली एक 2014 च्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली. तीच बॉडी साध्या इंजिनाची असेल तर या रकमेच्या जवळपासही फिरकत नाही. नंतर कुणी साध्या कुडात हेमी बसवलं, तर जाणकार तिला नक्कल म्हणूनच मोजतात.

पन्नास वर्षांचं म्हणाल तर वयाची अट खरी आहे, पण एकटी नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदणी करायची, तर गाडी पन्नास वर्षांवरची हवीच, शिवाय मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरफार न केलेलीही हवी. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरटीओत नोंद करावी लागते, ती किती जणांनी केली असेल? आणि नव्वदच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी गाडी रोज वापरायची असेल, तर हवं ते इंजिन रीतसर नोंदवून घाला. तिथे माझी हरकत नाही.

राहिल्या पट्ट्या-बिल्ले. डुक्कर फियाटमध्ये (जुन्या फियाट 1100 चं हे टोपणनाव) एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी मॉडेलं आली. ठेवण साधारण एकच, इंजिनही 1089 सीसीचंच. ओळख पटते ती जाळी, क्रोमच्या पट्ट्या आणि बिल्ल्यांवरून. त्या काढून फेकल्या की कुठलं मॉडेल हे सांगणारा पुरावाच गेला. जानेवारी 2023 मध्ये आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्यात 21 गन सॅल्यूट ही जुन्या गाड्यांची स्पर्धा भरली होती. अशा स्पर्धांत परीक्षक मूळपणाला गुण देतात, चकाकीपुरते नाहीत. नवा रेक्झिन कुठल्याही दुकानात मिळतो. साठ सालचा बिल्ला मिळवायला वर्षं जातात, आणि मिळाला तरी दोन पिना तुटलेल्या असतात.

काकांच्या फियाटच्या चारही मूळ व्हील कॅप अजून माळ्यावर आहेत, गोणपाटात गुंडाळलेल्या. गाडी नको म्हणून निघालेलं ते गिऱ्हाईक जिन्यातून परत फिरलं आणि तेवढ्या कॅप विकता का म्हणून विचारू लागलं. काकांनी दिल्या नाहीत.