दोन स्पीकरमधून सराउंड येत नाही म्हणे, पण कान तरी किती आहेत?

सध्या ग्रुपाग्रुपात एक फॉरवर्ड फिरतोय, की हेडफोनला दोनच स्पीकर असतात मग मागून आवाज येईलच कसा, व्हर्च्युअल सराउंड (हेडफोनमधूनच चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास) म्हणजे नुसता एको मारलेला असतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन ७.१ वाल्या (म्हणजे सात स्पीकर आणि एक वूफर असल्याचा भास देणाऱ्या) हेडसेटवर पैसे घालवू नका. पैसे जपा हे ठीकच, पण दिलेलं कारण साफ चुकीचं आहे आणि लोक ते डोळे मिटून पुढे ढकलतायत म्हणून लिहितोय.

आधी ते "दोनच स्पीकर". अहो, कान पण दोनच आहेत ना! गल्लीत पाठीमागून रिक्षाचा हॉर्न वाजला की न बघता कळतं कुठल्या बाजूला सरकायचं. डावीकडचा आवाज उजव्या कानात जरा उशिरा पोचतो, जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद, आणि मध्ये डोकं आडवं येतं म्हणून थोडा दबून पोचतो, उंच पट्टीचा आवाज तर जास्तच दबतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हे १९०७ मध्येच मांडलंय. ४८ किलोहर्ट्झ ऑडिओत, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) असतात तिथे, एवढा उशीर म्हणजे तीसेक सॅम्पल, सॉफ्टवेअरला ते सहज जमतं.

आता खरी गंमत पुढे-मागे आणि वर-खाली ओळखण्यात आहे, कारण बरोब्बर समोरून किंवा मागून आलेला आवाज दोन्ही कानांत जवळपास एकदमच पोचतो. तिथे कामाला येतात बाहेरच्या कानाच्या वळ्या. घरी करून बघा, डोळे मिटून बसा आणि कोणाला तरी किल्ल्यांचा जुडगा समोर, डोक्यावर, मागे वाजवायला सांगा, मग त्या वळ्यांत मळलेली कणीक भरा, भोक मोकळं ठेवा हां, आणि परत ऐका. डावं-उजवं कळेल, वर-खाली मात्र चुकायला लागेल. कारण प्रत्येक दिशेचा आवाज वळ्यांवर आपटून वेगळा रंग घेऊन आत जातो. हाच रंग मोजता येतो, त्याला एचआरटीएफ (हेड-रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन) म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात माइक लावून ७१० दिशांची मोजमापं सगळ्यांसाठी खुली केली. गेममधला पावलांचा आवाज त्या-त्या दिशेच्या फिल्टरमधून काढतात, त्याला कन्व्होल्यूशन म्हणतात, एको नाही.

एको अजिबात नसतो असं नाही. खोलीच्या भिंतींवरून येणारे परतीचे आवाज थोडे मिसळले नाहीत तर सगळं डोक्याच्या आतच वाजल्यासारखं वाटतं, आणि जास्त झाले तर दिशाच पुसली जाते. ती नेटवरची "८डी" गाणी बहुतेक नुसतं डावं-उजवं फिरवून वर रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखा घुमारा, ओततात, त्यावरून सगळ्याच तंत्राला नावं ठेवणं बरोबर नाही.

फॉरवर्डमधलं एक पटतं, की खूप जणांना समोरचा आवाज मागून येतोय असं वाटतं. पुतळ्याचे कान म्हणजे तुमचे कान नव्हेत. म्हणून तर हेड ट्रॅकिंग आलं, मान वळवली की आवाज जागेवरच राहतो आणि मेंदूला पुढचं-मागचं उलगडतं. आयओएस १६ पासून आयफोन कॅमेऱ्याने तुमच्या कानाचा आकारही टिपतो.

आणि बऱ्याचदा तर सेटिंगच चुकलेलं असतं, गेमचं सराउंड चालू आणि विंडोजचंही चालू, मग आवाज दोनदा फिल्टर होऊन डब्यातून आल्यासारखा येतो. गेममध्ये हेडफोन मोड असेल तर तो ठेवा आणि विंडोजचं बंद करा, नसेल तर गेमला ७.१ आउटपुट द्या आणि विंडोजचं चालू करा.