ग्रहण, घराणं आणि ‘देवाचं लेकरू’

सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डाउन सिंड्रोमबद्दलचा एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ग्रहण पाळलं नाही किंवा नात्यात लग्न केलं की असं मूल होतं, चाळिशीतल्या बायकांनाच होतं, ही मुलं विशी ओलांडत नाहीत, शिकत नाहीत, पण देवाची लेकरं म्हणून कायम हसरी असतात, आणि एका चुर्णाने सहा महिन्यांत फरक पडतो. माझी भाची डाउन सिंड्रोमची आहे. म्हणून हे उत्तर.

आधी ग्रहण. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे आई-बाबांकडून आलेली जनुकं ज्यांत असतात ते धागे. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या क्रमांकाचं एक जास्त, म्हणून ४७. हे १९५९ सालीच दाखवून झालंय. ही जादा प्रत बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच येते, म्हणजे गर्भ राहायच्याही आधी. सातव्या महिन्यात विळीवर भाजी चिरली काय नि न चिरली काय! तरी बारशाला आलेल्या बायकांनी माझ्या बहिणीला विचारलंच, ‘‘ग्रहणात काही चिरलं-बिरलं नव्हतंस ना?’’

नात्यातल्या लग्नाने थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो, हे खरं. डाउन सिंड्रोमचा त्याच्याशी संबंध नाही. डाउन सिंड्रोमच्या शंभरातल्या तीन-चार मुलांत मात्र २१व्याचा जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, आणि त्यातल्या काहींमध्ये आई किंवा बाबा स्वतः ठणठणीत असूनही वाहक निघतात. हो, बाबासुद्धा. म्हणून कॅरियोटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट फाइलला लावून विसरू नये. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकतज्ज्ञांना दाखवावा.

वयाचं म्हणाल तर पंचविशीत साधारण १२००त १ आणि चाळिशीत १००त १, इतका फरक पडतो. पण बाळंतपणंच मुळात तरुण बायकांची जास्त, त्यामुळे अशी बरीच बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांचीच असतात. माझी बहीण तेव्हा सत्तावीस वर्षांची होती.

‘विशी ओलांडत नाहीत’ हे जुनं झालं. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. पूर्वी त्यावर शस्त्रक्रिया होत नसत आणि मुलं जात. आता प्रगत देशांत सरासरी आयुष्य साठीच्या आसपास आहे. जन्मल्यावर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, बाळ कितीही गुटगुटीत दिसलं तरी.

आता ‘कायम हसरी’. मला सगळ्यात जास्त राग या गोड वाक्याचा येतो. या मुलांना कंटाळा येतो, राग येतो, नैराश्यही येतं. आणि ‘ती तशीच असतात’ म्हटलं की आजार दिसेनासा होतो. भाची चौदाची असताना मंदावली. दुपारभर झोपायची, अंग वाढलं, कातडी कोरडी पडली, पोट साफ होईना. सगळे म्हणाले, अशी मुलं आळशीच. रक्त तपासलं तर थायरॉइड. सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत बाई पुन्हा भावाशी रिमोटवरून भांडायला लागल्या. थायरॉइड दरवर्षी तपासायचं असतं. कान आणि डोळेही ठरावीक काळाने. ‘लक्षच देत नाही’ असं वाटणाऱ्या मुलाला कधी कधी नुसतं ऐकूच येत नसतं.

शिकत नाहीत? उशिरा शिकतात. स्नायू सैल असल्याने मान धरणं, चालणं, बोलणं सगळं मागून येतं. समज बहुतेकदा बोलण्याच्या पुढे असते. भाची कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणते. शब्द अडखळतात, पण सुटे पैसे हातावर पडल्याशिवाय काउंटरवरून हलत नाही. दुकानदार आधी मला विचारायचे, ‘‘काय हवंय हिला?’’ आता तिलाच विचारतात आणि थांबतात. गोखलेनगरच्या ‘कामायनी’सारख्या विशेष शाळा पुण्यात आहेतच, शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय.

राहिलं चूर्ण. प्रत्येक पेशीतलं गुणसूत्र चुर्णाने निघत नाही. उपयोग होतो तो पहिल्या महिन्यांपासूनच्या फिजिओथेरपीचा आणि स्पीच थेरपीचा. खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्या मजकुरात शेवटी बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘चूर्ण चालू असताना इंग्रजी गोळ्या बंद ठेवा.’ थायरॉइडची किंवा फिटची गोळी अशी परस्पर बंद करणं धोक्याचं आहे. कुणी केली असेल तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा.