पत नावाची चीज

मेल सर्व्हर, म्हणजे ईमेलची ने-आण करणारा संगणक, स्वतः चालवायचा म्हटलं की लोक पोस्टफिक्स (मेल पाठवणारं) आणि डव्हकॉट (पेटीतली मेल दाखवणारं) ही सॉफ्टवेअर बसवायची भीती घालतात. ते अर्ध्या दिवसाचं काम. साडेसाती लागते पहिली मेल पाठवल्यावर.

सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा आकडी पत्ता, ही भाड्याची खोली. आधीचा भाडेकरू तिथून औषधांच्या जाहिराती वाटून गेलेला असतो आणि उधारी आपल्या दारात. म्हणून आयपी हातात पडताच तो स्पॅमहाउसच्या काळ्या यादीत तपासावा आणि डागाळलेला निघाला तर तेव्हाच बदलून मागावा. संसार मांडल्यावर नव्हे. मेल बाहेर जायचं दार, म्हणजे २५ नंबरचं पोर्ट, बरेच होस्टिंगवाले बंदच ठेवतात, ते अर्जविनंत्या करून उघडून घ्यायचं.

मग पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद. ही नोंद आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावा-पत्त्यांच्या जाहीर नोंदवहीत) कितीही कोंबली तरी उपयोग नाही. आयपी ज्याच्या मालकीचा, त्याच्याच पॅनेलमध्ये ती बदलते. आयपीवरून निघणारं नाव, त्या नावावरून निघणारा आयपी आणि सर्व्हर समोरच्या सर्व्हरला 'हेलो' म्हणताना सांगतो ते नाव, तिन्ही जुळायला हवीत. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण चालतात, इथे तेवढीही सूट नाही. डीकिम ही मेलवरची डिजिटल सही. ती तपासायची २०४८ बिटांची चावी तर डीएनएसमध्ये एका तुकड्यात मावतच नाही, कारण तिथल्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीतला तुकडा २५५ अक्षरांचा. दोन अवतरणांत तोडताना एक अक्षर गळालं की सही खोटी ठरते.

एवढं करून लॉगमध्ये (सर्व्हरच्या रोजनिशीत) समोरच्या सर्व्हरचं '२५० ओके' हे उत्तर येतं आणि मेल जाते स्पॅममध्ये. २५० म्हणजे फक्त 'मिळालं'. पोहे खाऊन 'कळवतो' म्हणणाऱ्या पाहुण्यांसारखं. त्यापेक्षा ५५० हा नकाराचा आकडा बरा, तोंडावर नाही म्हणतो आणि बहुधा कारणही देतो.

गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये, म्हणजे मेल पाठवणाऱ्यांना त्यांची आकडेवारी दाखवणाऱ्या पानावर, पाहावं तर तक्ता कोरा. दिवसाला वीस मेल पाठवणाऱ्याची पत मोजायला आकडेच पुरत नाहीत. जन्मात कर्ज न काढलेल्याला बँक 'सिबिल नाही' म्हणून परत पाठवते, तसलाच हा न्याय.

तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे थोड्याच मेल, त्याही ओळखीच्यांना. आणि मागोमाग फोन: "काका, स्पॅममध्ये बघा, 'नॉट स्पॅम' दाबा आणि तिथेच उत्तर द्या. नुसतं 'ओके' लिहिलंत तरी चालेल."

काका तत्परतेने 'ओके' पाठवतात. व्हॉट्सॲपवर.